तीन दिवसांची चटई

आष्टा
२४ जून २०२५

संयोगे,

जय जिनेंद्र. मोठ्यांना नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद तूच तुझ्या हातानं वाटून टाक. मला आज तेवढंही उठवत नाही.

सकाळी बाहेर बसले. मागच्या खोलीत, पूर्वी पेंडीची पोती असायची तिथं. एक चटई, एक चादर, एक तांब्या, एक ताट. मोबाईलला हात लावायचा नाही, कारण तो घरभर फिरतो आणि आत्याबाई सकाळी त्याच्यावर स्तोत्र लावतात. वही-पेन तेवढं माझं वेगळं आहे. म्हणून तुझ्याशी बोलायचं ते असं, टपालानं. माधवनगरच्या शाळेत एका बाकावर बसून चिठ्ठ्या सरकवायचो, तसंच समज.

एरवी पाचला उठते. पाणी गाळायचं, दोन म्हशी, अकरा माणसांच्या भाकऱ्या, शेतावरच्या बायकांचा चहा, आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची ताटं झाली पाहिजेत. आमच्या सासूला, ह्या आत्याबाईंना, म्हातारपण आलं, पण त्यांच्या घड्याळाला नाही. ह्या तीन दिवसांत सगळं जाऊबाई करतात. मला दारातनं ताट सरकवतात. संयोगे, तव्यावरची गरम भाकरी मला महिन्यातनं ह्या तीनच दिवसांत मिळते. आणि तीही कुणीतरी दुसऱ्यानं थापलेली.

आमची ब्राह्मीही शेजारीच बसलीय. दहावीत गेली. भूमितीचं पुस्तक उघडं टाकलंय आणि त्याच्यावरच गाल ठेवून झोपलीय. झोपू दे म्हटलं. पुढं कोण झोपू देतंय!

तुझे फौजी कसे आहेत? गुडघा धरतोय का अजून?

तुझी
गुणा

---

सातारा
२ जुलै २०२५

गुणे,

पत्र मिळालं. आमचा पोस्टमन म्हणतो, "बाई, हातानं लिहिलेलं पाकीट आता अख्ख्या आळीत तुमच्याकडंच येतं." मी म्हटलं, जप बाबा त्याला.

फौजींचा गुडघा आहे तसाच आहे. माझेही पाय गेलेत. सध्या शाळांच्या फेऱ्या चालू आहेत, सहावी ते दहावीच्या मुली. सर बाहेर जातात, मॅडम खिडक्या लावून घेतात, जशी काय मी बॉम्ब करायला शिकवणार आहे. मी डबा फिरवते, चिठ्ठ्या टाका म्हणते. तेवीस वर्षं नोकरी झाली आणि तेवीस वर्षं चिठ्ठीत पहिला प्रश्न तोच. "कधी येते?"

मग मी आपली तीच टेप लावते. बहुतेक जणींना बाराव्या-तेराव्या वर्षी. कुणाला दहाव्या, कुणाला पंधराव्या. छाती भरायला लागली की त्यानंतर दोन-तीन वर्षांत. आठ व्हायच्या आत आली किंवा पंधरा उलटली तरी आली नाही, तर लपवायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं. हे एवढंच. पण एवढंही घरात कुणी सांगत नाही गं. मागच्या महिन्यात उपकेंद्रात एक चौथीतली पोर आणली होती. तीन दिवस कुणाला न सांगता फिरत होती, सायकलवरनं पडून आत काहीतरी फाटलंय असं वाटून. आणि परवा दहावीच्या वर्गातली चिठ्ठी, "मला अजून नाही. मी मुलगी आहे ना?" नाव नव्हतं. चाळीस तोंडांतनं मी कुणाला शोधू? सगळ्यांकडं बघून हसले आणि परत आले. तेवढं मनाला लागून राहिलंय.

आणि काय गं, ब्राह्मीचा पहिला दात पडला तेव्हा तू मला कळवलं होतंस. ती बाहेर बसायला लागली हे मात्र मला आत्ता कळतंय. कधी आली तिला?

तुझी
संयोगिता

---

आष्टा
२२ जुलै २०२५

संयोगे,

कळवायचं राहिलं खरं. आठवीत होती, त्या दिवाळीच्या आसपास. आत्याबाईंनी पाच बायका बोलावून ओटी भरली, पाटावर बसवलं, नवा ड्रेस घेतला. पोरगी नुसती खाली मान घालून. लाजली, म्हणाल्या सगळ्या.

आता आम्हां दोघींची तारीख एकच. मी बसले की तासाभरात ही येते, "आई, मी पण." आत्याबाई वैतागतात, "दोघी एकदमच कशा गं बसताय? जरा पुढं-मागं व्हा की!" आमच्या हातात हाय का ते? मला मात्र लय बरं वाटतं. लेक शेजारी असते. म्हणजे झोपलेली असते. तीन दिवस नुसती झोपते. जुलै आहे म्हणून काय झालं, तिला थंडी वाजते, स्वेटर घालून वर माझीही चादर ओढते. शाळेतनं आली तरी दप्तर टाकून आडवी. माझ्यावरच गेलीय, जन्माची दमलेली. एक मात्र बरं आहे, आठवीचा गणवेश तिला अजून बरोबर बसतो. जाऊबाईंच्या पोराला दर वर्षी नवा लागतो.

एक सांगते, फाडून टाक हे पान. तिच्या पॅडचं पुडकं मी कपाटात ठेवते. ते कमीच होत नाही. चार महिने झाले, जसंच्या तसं. पोरगी खोटं बसते, संयोगे! मला कळलंय, पण मी बोललेली नाही. तीन दिवस कुणी हाक मारत नाही, पाणी आण म्हणत नाही, ते सुख तिला कळलंय. घेऊ दे. आईला तेवढं तरी कळू नये का?

गुणा

---

सातारा
३० जुलै २०२५

गुणे,

पान फाडलं नाही. उलट तुझी मागची सगळी पत्रं काढून पलंगावर मांडली. आता रागावू नकोस.

तू बाहेर बसलीस की तुझी पत्रं येतात, हे तूच लिहितेस. मी तारखा बघितल्या. गेली दीड वर्षं बरोबर अठ्ठावीस दिवसांनी. एक दिवस इकडं नाही, तिकडं नाही. त्याच्या आधीच्या वर्षी कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, अंगातनं वाफा निघतात, घाम फुटतो असं लिहायचीस. आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकदम घड्याळासारखी झालीस? अगं, मी नर्स आहे. कुणाच्या डोळ्यांत धूळ फेकतेस?

त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जैन धर्मशाळेत आराम करायला राहिलीस असं समजेन. तीन दिवस काय, महिनाभर बस.

पण ब्राह्मीचं तसं नाही. तू स्वतः खोटं बसतेस म्हणून तुला तिचं खोटं ओळखू आलं, आणि कारणही तुझंच तिला चिकटवलंस. गुणा, तिला एकदा तरी आली होती का? तू डोळ्यांनी बघितलंस का? डाग, कपडा, काहीही? नोव्हेंबरात सोळा होतील तिला. दोन वर्षं उंची वाढलेली नाही, म्हणून तर गणवेश बसतो. जुलैत स्वेटर घालते. झोप संपत नाही. ह्याला आळस म्हणत नाहीत. साधी रक्ताची तपासणी आहे, विश्रामबागला कुठल्याही चांगल्या डॉक्टरकडं होईल. आधी तिला जवळ घेऊन विचार.

संयोगिता

---

आष्टा
१९ ऑगस्ट २०२५

संयोगिता,

तुझं पत्र वाचून राग आला, तो अजून आहे.

होय, माझी गेली. परवाच्या वर्षी मार्गशीर्षात. झालं समाधान? त्या महिन्यात तारीख आली तशी सवयीनं चटई घातली, आणि नंतर लक्षात आलं की काही झालेलंच नाही. उठून सांगायला हवं होतं. पण दारातनं ताट आलं. गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा. मला उठवलं नाही गं. पुढच्या महिन्यात परत बसले, आणि मग बसतच राहिले.

तुला रविवार आहे. तुला रजेचा अर्ज आहे. माझ्या अर्जावर सही करायला कोण बसलंय? तिकडं खुर्चीत बसून तारखा मोजायला सोपं जातं.

ब्राह्मीला मी विचारणार नाही. विचारलं तर ती सांगेल. सांगितलं तर आत्याबाईंना सांगावं लागेल, की पाच बायका बोलावून भरलेली ओटी खोटी होती. मग त्या माझ्याकडं वळतील, "आणि तुझं गं?" म्हणून. माझ्याकडं दुसरं काही नाही, संयोगे. वर्षातले हे छत्तीस दिवस आहेत. आणि पोरीला काही झालेलं नाही. मीही उशिराच बसले होते, चौदा उलटल्यावर. ती माझ्यासारखीच आहे, दमलेली. एवढंच.

पुन्हा ह्या विषयावर लिहू नकोस.

गुणमाला

---

सातारा
२७ ऑगस्ट २०२५

गुणा,

एकदाच लिहिते, मग गप्प बसते.

रविवारी पोलिओचे डोस असतात. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर मार्चपासून पडलाय. तुझ्यापेक्षा मी सुखी असेन, पण खुर्ची माझ्याही नशिबात नाही. हे भांडायला लिहीत नाही. हसावंस म्हणून लिहितेय.

तुझी चटई मी काढून घ्यायला निघालेली नाही. तुला विश्रांती मिळत नाही हा तुझा गुन्हा नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही बसले असते, आणि तुझ्याइतके दिवस लपवताही आलं नसतं. पण तू दमतेस ती अकरा माणसांचं करून. ती पोर काय करून दमते? शाळेत जाऊन? हे मला सांग. मला नको सांगूस, स्वतःला सांग.

चाळीस मुलींत ती चिठ्ठीवाली मला सापडली नाही. ही सापडलीय, आणि तिची आई मला विषय काढू नको म्हणते.

तुझीच
संयोगिता

---

आष्टा
१७ सप्टेंबर २०२५

संयोगिता मावशी,

नमस्कार. मी ब्राह्मी. आईची पत्रं शाळेत जाताना पेटीत मीच टाकते, पण आजपर्यंत एकही उघडलेलं नाही, शप्पथ. ह्या वेळी तुमचं पत्र मला चटईच्या घडीत मिळालं. ते वाचलं. चुकलं असेल तर माफ करा.

काल आईची तारीख होती. आजी सकाळपासून बोटं मोजत होती. आई बसलीच नाही. आजीनं विचारलं तर म्हणाली, "पुढं गेली आसंल." आणि भाकऱ्या थापायला लागली. मग आजीनं माझ्याकडं बघितलं. मला काही सुचेना, म्हणून मी एकटीच येऊन बसले. ह्या खोलीत एकटीला लय कसंतरी वाटतं.

मावशी, मला कधीच आलेली नाही. एकदापण नाही. वर्गातल्या सगळ्यांना सातवी-आठवीत आली. आजी दर महिन्याला विचारायची. घरी कोण बाई आली की ती पण विचारायची, "अजून न्हाई व्हय?" आणि माझ्या छातीकडं बघायची. एक दिवस मी "झालंय" म्हणाले. मला वाटलं, नाहीतरी दोन-तीन महिन्यांत येईलच की. मग ओटी भरली. पाटावर बसल्यावर एवढं रडू येत होतं, पण सगळ्या हसत होत्या. नंतर कसं सांगणार? तारीख कुठली धरायची तेपण कळेना, म्हणून आई बसली की मी बसायचे. आईची खरी आहे असंच मला वाटत होतं. तुमचं पत्र वाचून कळलं.

मी आळशी नाही, मावशी. मी अभ्यासाला बसते आणि अक्षरं पुसट होतात. मैदानावर एक फेरी मारली की पाय भरतात. पूर्वी मी खो-खोच्या टीममध्ये होते. केस गळतात, ते मी गुंडाळून खिडकीतनं टाकते. माझ्यात काही कमी आहे का? तुम्ही मुलींना सांगता तसं मलापण स्पष्ट सांगा. आई माझ्याकडं बघत नाही. पंधरा दिवस झाले. वाढते, वेणी घालते, पण बघत नाही.

ब्राह्मी

---

सातारा
२० सप्टेंबर २०२५

ब्राह्मी बाळा,

स्पष्ट विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते. तू आळशी नाहीस. तू आजारी आहेस असं मला वाटतं, आणि त्या आजारावर औषध असावं असंही वाटतं. पण वाटण्यावर चालत नाही, तपासावं लागतं. तुझ्यात काय आहे नि काय नाही ते तपासल्यावरच कळेल, तोवर तू ठरवून टाकायचं नाहीस. आणि निकाल काहीही लागो, तू मुलगीच आहेस. हे मला त्या वर्गात ओरडून सांगायचं होतं, तेव्हा जमलं नाही. तुला सांगते.

आता एक काम कर. तुझं पत्र मी ह्याच पाकिटात परत पाठवतेय. ते आणि हे, दोन्ही आईच्या हातात दे. चटईच्या घडीत ठेवू नकोस. हातात दे, आणि ती वाचून होईपर्यंत तिथंच उभी राहा.

ती बघत नाही कारण तिला कळलंय. तिच्यावर रागावू नकोस.

तुझी मावशी

---

आष्टा
६ नोव्हेंबर २०२५

संयोगे,

दीड महिना झाला. फोनवर तुला दोन वाक्यांत कळवलं तेवढंच. बाकीचं आज लिहिते.

पत्र दिलं तेव्हा मी दूध गाळत होते. पोरगी समोर उभी राहिली. वाचता वाचता दूध उतू गेल्यासारखं माझं मन उतू गेलं, आणि मी तिला तिथंच धरून रडले. हात दुधाचे, तसेच तिच्या गणवेशाला लागले. आठवीच्या त्याच गणवेशाला. इतके दिवस मी त्याच्याकडं बघून खूश होत होते!

विश्रामबागच्या डॉक्टरबाई चांगल्या निघाल्या. सोनोग्राफीत सगळं जागच्या जागी आहे म्हणाल्या. रक्तात थायरॉईड निघालं. मानेतली ती ग्रंथी दोन-तीन वर्षांपासून मंद झालीय, म्हणून वाढ, झोप, थंडी, पाळी, सगळं अडलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पाळी यायला काही महिने जातील, वाट बघा म्हणाल्या. मग विचारलं, "पोरगी एवढी दमते हे तुमच्या लक्षात नाही आलं?" मी म्हटलं, "मला वाटलं, माझ्यावर गेलीय." त्या गोळीचं नाव लिहायला लागल्या. त्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. माझी चटई झाकायला मी पोरीचं दुखणं झाकलं, संयोगे. हे मी कितीही पाणी गाळलं तरी जायचं नाही.

हे म्हणाले, आईला गोळीचं सांगू, बाकीचं कशाला? पण मला आता लपवायचाही कंटाळा आला होता. आत्याबाईंना सगळं सांगितलं, ह्यांच्यादेखत. त्या कितीतरी वेळ ओटीवरच अडकल्या. "म्हंजे पाच बायकांची ओटी मी फुकट भरली? गावाला काय तोंड दावू?" मग जशी मला भीती होती तसंच, मान वळवली. "आनि तुझं गं?"

"परवाच्या मार्गशीर्षातच गेली, आत्याबाई."

"आनि बसल्या जागी ताट घेत व्हतीस?"

"व्हय."

त्यांनी चटई उचलली, झटकली, गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. अजूनही तुटक बोलतात. फक्त ब्राह्मीच्या गोळीसाठी गाळलेल्या पाण्याचा पेला रोज पहाटे तिच्या उशाशी झाकून ठेवतात, ते मात्र कुणी सांगितलेलं नाही.

चौदा ऑक्टोबरला माझी तारीख होती. फराळाचे दिवस. दिवसभर चकल्या पाडल्या. त्या मागच्या खोलीकडं मी बघितलंसुद्धा नाही. वाटलं, चला, संपलं.

ब्राह्मीत फरक पडतोय. स्वेटर काढला. परवा जिना धावत चढली आणि मी घाबरून बाहेर आले, कोण पडलं म्हणून. अजून आलेली नाही, पण आता ती कुणाला खोटं सांगत नाही. शेजारीण विचारायला लागली तर म्हणाली, "नाही आली. आली की सांगते हं, काकू." शेजारीणच लाजली.

आता तू तारीख बघशील. बोटं मोजू नकोस, आज माझा दिवस नाही. कसलाच दिवस नाही. आज सकाळी पोरगी शाळेला गेली नाही, सुट्टी होती. मी पाण्याच्या घागरीला हात घालत होते, तर तिनं माझ्या हातातनं गाळणं काढून घेतलं. दंडाला धरून मागच्या खोलीत आणलं. माळ्यावरनं चटई काढून घातलेली होती. म्हणाली, "बस." मी म्हटलं, "अगं, कशाबद्दल?" म्हणाली, "कशाबद्दल नाही. बस." बाहेरनं आत्याबाई ओरडल्या, "मग च्या कोन टाकनार?" ही म्हणाली, "मी टाकते, आजी. तुझ्यात साखर किती?"

तर मी बसलेय. झोप काही येत नाही. कारण नसताना बसायची सवय नाही, सारखं दाराकडं लक्ष जातंय. म्हणून वही घेतली.

इतक्यात जाऊबाई दारात येऊन गेल्या. पदर सावरून लांबच उभ्या राहिल्या आणि विचारलं, "काय झालं? बसलाय व्हय?"

मी म्हटलं, "काही झालं नाही. दमलेय."

तुझी
गुणा